सोलापुरात शांत घर बांधताना

घर बांधायचे ठरले की बहुतेकांचे बोलणे दर्शनी भागापासून सुरू होते. माझा आग्रह असा, की आराखडा काढण्याआधी उन्हाळ्यातला एक पूर्ण दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, रिकाम्या प्लॉटवर घालवावा आणि ऊन, वारा व आवाज कोणत्या बाजूंनी येतात हे कागदावर टिपून ठेवावे.

सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा सर्वांत जास्त त्रास पश्चिमेचा होतो. दुपारनंतरचे ऊन तिरपे येत असल्यामुळे त्या बाजूच्या खिडकीवरील छज्जा फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून तिकडे जिना, न्हाणीघर, कोठीची खोली घ्यावी आणि खिडकी हवीच असेल तर तिला उभ्या पट्ट्यांची आडोशाची जाळी बसवावी. दक्षिणेचा सूर्य उंचावरून येतो, त्याला मात्र दोन फुटी छज्जा बऱ्यापैकी अडवतो.

जुन्या वाड्यात रस्त्यावरून थेट बैठकीत पाऊल पडत नसे. आधी ढेलज, म्हणजे दाराजवळची देवडी, मग उघडा चौक, मग सोपा, म्हणजे चौकालगतची बसायची पडवी, आणि या प्रत्येक टप्प्यावर आवाज थोडा मागे राहत जाई. माझ्या मते घराच्या शांततेचे खरे मर्म या क्रमातच आहे आणि ते हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरही साधता येते: मुख्य दार बैठकीच्या दाराच्या सरळ रेषेत ठेवू नये, दोहोंमध्ये चार-पाच फुटांची ओसरी आणि एक वळण घ्यावे, आणि मोठ्या खिडक्या गल्लीकडे न उघडता आतल्या लहानशा चौकाकडे उघडाव्यात. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येत असल्याने चौकावर वेल किंवा कापडाची सावली धरावी लागते, हे विसरू नये.

शेजारी यंत्रमाग असल्यास त्या बाजूला नऊ इंची सलग भिंत घालावी. कडुनिंब सावलीसाठी अवश्य लावावा, पण एकट्या झाडाने आवाज फारसा अडत नाही. जाड भिंतीचा सारा फायदा दाराखालच्या फटीतून निघून जातो, त्यामुळे चौकटी बसवताना सुताराजवळ स्वतः उभे राहावे.

माळवदातील, म्हणजे जुन्या घरांच्या सपाट धाब्यातील, मातीचा जाड थर उन्हाची धग खोलीत लवकर उतरू देत नसे. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवावी, आणि खाली खोल्यांत, अनवाणी पायांना गारवा देणारी शहाबादी फरशी घालावी.