चार फुटी समुद्री टाकीचा स्टँड: लोखंड, प्लाय आणि वायरिंग

फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी वजन कागदावर मांडा. ४ × २ × २ फूट, १२ मिमी काचेची माशांची टाकी वरून दोन इंच रिकामी सोडून भरली तर आत ३८५ लिटर पाणी, म्हणजे मीठ धरून ३९५ किलो. काच ९० किलो, दगड-वाळूचे जादा ६०, खालचा संप (स्टँडच्या आत बसणारी, पाणी गाळायची दुसरी टाकी) पाण्यासकट १३०, स्टँड स्वतः ७५. एकूण साडेसातशे किलो, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरगुती स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढलेला असतो. इथे त्या जागेवर पाचपट पडतो. बाकी खोली रिकामी असल्याने बहुतेक ठिकाणी निभावतं, पण टाकी बीमवर किंवा बीमला लागून असलेल्या भिंतीशी ठेवा. बाल्कनीत नाही म्हणजे नाही. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

उंची ३३ इंच ठेवा. तीस इंचात स्टँड देखणा दिसतो, पण वरची पट्टी, खालची चौकट आणि दोन्ही प्लाय धरून साडेसहा इंच जातात आणि स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप वर उचलून काढायला जागाच उरत नाही.

समोर मधला पाय देऊ नका. तो दिला की ३६ इंची संप पुन्हा बाहेर येत नाही. मग समोरची चार फुटी पट्टी एकटीच भार घेणार, तिथे ५० × ५० × २ मिमीचा चौकोनी पाइप पुरत नाही: हिशेबाने मधोमध सुमारे २ मिमी झुकतो आणि काचेच्या सिलिकॉनला ताण बसतो. ८० × ४० × ३ मिमीचा पाइप, ८० ची बाजू उभी ठेवून, अर्ध्या मिलिमीटरवर राहतो. पाय आणि खालची चौकट ५० × ५० × ३ चालेल. चार कोपऱ्यांत चार पाय, पाचवा मागे मधोमध.

वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पायांच्या बाजूला चिकटवली तर सगळं वजन वेल्डिंगच्या शिवणीवर लटकतं. आधी सगळीकडे टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून घ्या, दोन्ही कर्ण टेपने मोजा, फरक २ मिमीच्या आत आला की समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून पुरे वेल्ड करा. एकाच बाजूने वेल्ड करत गेलं की चौकट ओढली जाते. मागे फुलीसारखी २५ × ५ ची पट्टी मारायला विसरू नका. तिच्याविना भरलेली टाकी धक्का लागताच आडवी झुलते. प्रत्येक पायाखाली ७५ × ७५ × ६ ची प्लेट आणि एम१६ चा लेव्हलिंग बोल्ट. जिथे पाय टेकणार तिथल्या टाइलवर नाणं वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर ती टाइल आज ना उद्या तडकणार.

रेड ऑक्साइडवर भिस्त ठेवू नका, मीठ त्याखाली शिरतं. इपॉक्सी प्रायमर, वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पाइपांची उघडी तोंडं वेल्ड करून बंद करा, नाहीतर गंज आतून खातो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. प्लाय १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), कडांना आणि स्क्रूच्या भोकांनाही इपॉक्सी. टाकीचा तळ पूर्ण सपाट असेल तर प्लायवर १२ मिमी थर्मोकोल. वाळूचा एक खडा त्याखाली राहिला तरी काच तिथे फुटू शकते.

आता वायरिंग. संपशेजारी साडेसहा-सात इंचांचा कप्पा उरतो, तो प्लायच्या पडद्याने वेगळा करा आणि बोर्ड तिथेच, संपच्या पातळीच्या वर. वायरी खालून आत घ्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली पाच इंच झोळ देऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं. पडदा नसेल तर काही महिन्यांत सॉकेटच्या पितळेवर हिरवट थर आणि भोवती मिठाची पांढरी साय दिसते. मग पिन सैल, मग ठिणगी.

३० मिलिॲम्पिअरचे दोन आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारे स्विच) घ्या. एकावर रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत नेणारा), स्किमर, हिटर; दुसऱ्यावर वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि दिवे. सगळं एकावरच असलं आणि रात्री तो पडला, तर पाणी स्थिर होऊन सकाळपर्यंत मासे गुदमरतात. वायरमनला बजावून सांगा: दोन्हींचे न्यूट्रल वेगळे. सवयीने ते एकत्र पिळले जातात आणि मग काही चालू करताच आरसीसीबी पडतो. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेणार असाल तर त्याचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या नंतर हवा. आधी बसवला तर लाइट गेल्यावर करंट त्यातून जातच नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) कपाटाबाहेर, स्वतंत्र १६ अँपिअर पॉइंटवर, २.५ चौरस मिमी वायरने. आतल्या बाकी सगळ्याला १.५ पुरते. अर्थिंग मल्टिमीटरने तपासा: फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रल इतकंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट.

मीठ घालण्याआधी साध्या पाण्याने तीन टप्प्यांत भरा, दर टप्प्याला पाण्याची रेघ कडेपासून चारी कोपऱ्यांत मोजा. फरक वाढला तर पाणी उतरवून बोल्ट फिरवा. टाकीखाली पाचर घालू नका. मग मेन स्विच पाडून पाहा: पंप थांबला की वरचं पाणी संपमध्ये उतरतं. वरची पातळी अडीच सेंटिमीटर उतरली तरी १७-१८ लिटर खाली येतात, पाइपांतलं वेगळं. संपमध्ये ३० लिटर जागा रिकामी हवी.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. एरवी तो पडला आणि उठेना, तर सगळे प्लग काढा, तो वर करा आणि एकेक प्लग लावत जा. ज्यावर पडेल ते यंत्र दोषी. हिटरची काच आणि पंपाच्या वायरीचं तोंड आधी बघा.