उन्हाळ्यात झणझणणारी जुनी गिटार

परभणीचा मे, पारा 42 च्या पुढं. माझ्या जुन्या गिटारच्या तारा पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) झणझणू लागल्या, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली. दुकानदार म्हणाला, "दादा, आता नवीच घ्या की." कशी घेणार? हिची मान माझ्याच अंगठ्यानं गुळगुळीत झालीय.

दोष कोरड्या हवेचा होता. लाकूड आकसलं होतं. आधी कूलरसमोर ठेवली, तो शुद्ध येडेपणा. तारा तेवढ्या गंजल्या. मग साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवला (पाणी ठिबकायला नको) आणि डबी गिटारच्या बंद पेटीत. आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर राहिली. दोन आठवड्यांत झणझण थांबली. एकच टोक राहिलं, ते बारीक कानशीनं घासलं.