मोठ्या कुत्र्याला गाडीवरून नेताय? या चुका टाळा

पुण्यात पौड रोडला सकाळी अर्धा तास उभे राहिलात, तर एखादी तरी स्कूटर अशी दिसेलच, जिच्या फूटबोर्डवर अख्खा लॅब्रॅडॉर उभा आहे. पुढचे पाय हँडलखाली टेकलेले, कान वाऱ्यावर. बघणाऱ्यांना मजा वाटते, सिग्नलला लहान मुलं हात लावायला येतात. आमच्या बंड्याला मीही चार वर्षं असाच नेत होतो. वजन बत्तीस किलो, स्वभावाने गरीब, गाडीवर एकदम शहाणा.

एका संध्याकाळी नळस्टॉपच्या अलीकडे फुटपाथवरून एक भटकं कुत्रं भुंकत अंगावर आलं. बंड्याने उडी घेतली. त्याचा पट्टा मी आरशाच्या दांडीला गुंडाळलेला होता. पट्टा ताणला गेला, हँडल गर्रकन वळलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर. वेग फार तर वीसचा असेल. मागच्या रिक्षावाल्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून वाचलो. माझं कोपर सोलवटलं आणि बंड्याच्या पुढच्या पायाचं नख मुळापासून उखडलं. महिनाभर रोज ड्रेसिंग होतं. मी कापूस हातात घेतला की तो आपणहून पाय पुढे करायचा. ते बघवत नसे.

तेव्हापासून कुठलंही वाहन असो, मी आधी एवढंच बघतो: या कुत्र्याला इथे अंग टाकून बसता येतं का? बसलेल्या कुत्र्याचं वजन खाली असतं. वळणावर, ब्रेकवर तो घसरत नाही. उभ्या कुत्र्याचं सगळं वजन वर, आणि पंजांना पकड नाही. मोठ्या कुत्र्यांना नेताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पट्टा भलतीकडे बांधणे

हँडलला, आरशाला, स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला पट्टा बांधू नका. तीस किलोच्या कुत्र्याने हिसका दिला तर तुमचा तोल त्याच्या हातात जातो. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी अडकवणं ही दुसरी चूक. धक्का बसला की तो थेट श्वासनलिकेवर बसतो. छाती-पोटाभोवती बसणारा हार्नेस वापरा आणि दोरी आखूड ठेवा, म्हणजे त्याला बसता येईल, उठून वळता येईल, पण कडेवरून उडी मारता येणार नाही. लांब दोरीने बांधलेला कुत्रा बाहेर पडला तर फरफटत जातो किंवा लटकतो.

फूटबोर्डचा मोह

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, मोठा गावठी, कुणालाच फूटबोर्डवर नीट बसता येत नाही. त्याची मान हँडलच्या आड येते, त्यामुळे यू-टर्न पूर्ण होत नाही. तुमचे पाय बाहेर राहतात, म्हणजे गाडी कलली तर सावरायलाही उशीर. मागे बसलेल्याने मांडीवर धरणं याहून वाईट, कारण धरणाऱ्याचे दोन्ही हात त्यातच अडकतात. रबरी मॅट घातली की पंजे घसरत नाहीत हे खरं, पण मॅटमुळे जागा वाढत नाही. वीस किलोच्या वरच्या कुत्र्याला स्कूटरवर नेऊ नका असंच माझं ठाम मत आहे. पाठीवरच्या बॅगेत पॉमेरियन जाईल, लॅब्रॅडॉर नाही. डॉक्टरकडे तातडीने जायचं असेल तर रिक्षा करा. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ मध्ये, प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणं हाही गुन्हाच आहे, तेही लक्षात असू द्या.

बुलेटला साइडकार लावणारे हौशी आहेत, आणि मोठ्या कुत्र्यासाठी ती खरंच चांगली सोय आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, त्यामुळे आधी आरटीओत चौकशी करा. आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला येते. ती रिकामी असताना डावीकडे जोरात वळलात, तर तिचं चाक उचललं जातं. म्हणून पहिले काही दिवस कुत्र्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून चालवा.

सायकल ट्रेलरच्या चुका

पडल्यानंतर मी सायकलला मागून जोडायचा दोनचाकी ट्रेलर घेतला. यात कुत्रा जमिनीपासून वीतभर उंचीवर, आडवा पडून जातो. पण ट्रेलरच्याही आपल्या खोड्या आहेत.

ट्रेलर मागून डुलायला लागला, सायकलचं मागचं चाक हलकं वाटायला लागलं, तर कुत्रा फार मागे बसलाय असं समजा. वजन चाकांच्या मागे गेलं की पुढची दांडी वर उचलली जाते आणि उतारावर सायकल नागासारखी सळसळते. मी ट्रेलरच्या मागच्या भागात जुनी गादी गुंडाळून घट्ट बसवली. बंड्या आपोआप थोडा पुढे सरकला आणि डुलणं थांबलं. वजन चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे हवं.

दुसरी चूक आपली खास पुणेरी. स्पीडब्रेकर आला की कडेच्या गटारालगतच्या फटीतून सायकल काढायची आपल्याला सवय असते. ट्रेलर सायकलपेक्षा रुंद असतो. त्याचं एक चाक ब्रेकरवर चढतं, दुसरं फटीत राहतं आणि ट्रेलर कलंडतो. ब्रेकर सरळ, मधूनच, जवळजवळ थांबून घ्या. वळतानाही तसंच. आतलं चाक तुमच्या चाकोरीपेक्षा आत येतं, म्हणून फुटपाथच्या कोपऱ्यापासून जरा लांबून वळा.

ब्रेक आधी नीट तपासा. सायकल, तुम्ही आणि तीस किलोचा कुत्रा असं सगळं मिळून चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना साधे झिजलेले ब्रेक पॅड पुरत नाहीत. ट्रेलरवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिच्यात ट्रेलरमधली पाण्याची बाटली आणि गादीही मोजा. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणार असाल तर खोका उंच करू नका, प्लॅटफॉर्म जितका खाली तितका बरा. मागे उंच काठीवर भगवी, लाल, कुठली तरी ठळक झेंडी लावा. बसच्या ड्रायव्हरला सायकल दिसते, तिच्या मागचं गुडघाभर उंचीचं काही दिसत नाही.

उडी मारून ट्रेलरमध्ये किंवा गाडीत चढायला लावू नका, विशेषतः लॅब्रॅडॉर आणि शेफर्डना. या जातींत कमरेचे सांधे मुळातच नाजूक असण्याची शक्यता असते. एक फळी टेकवली की काम होतं. तिला वर काथ्याची पायपुसणी ठोका, नख रोवायला जागा मिळते.

सायकलच्या बाजूने पळवणे

हातात पट्टा धरून कुत्र्याला पळवू नका. त्यासाठी सीटखाली बसवायची स्प्रिंगची दांडी मिळते, तिने हिसका खालच्या खाली शोषला जातो. एक गोष्ट मात्र नीट बघा. परदेशी व्हिडिओत कुत्रा बहुधा उजवीकडे पळतो, कारण तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे कुत्रा डावीकडेच हवा, म्हणजे तो वाहनांपासून लांब राहतो आणि चेनपासूनही.

मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात, तोवर पळवणं नकोच. नंतरही त्याच्या दुडक्या चालीने जा. जेवल्यावर लगेच पळवलं तर खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पोट टम्म, ओकारीचा प्रयत्न पण बाहेर काही येत नाही, अस्वस्थ फेऱ्या, असं दिसलं तर वाट न बघता डॉक्टर गाठा. त्यात मिनिटं मोजावी लागतात.

रिक्षा आणि कार

रिक्षावाल्याला कुत्रा किती मोठा आहे ते आधी सांगा, जुनी चादर सोबत घ्या आणि कुत्र्याला सीटवर नाही, खाली आडवं बसवा. तुम्ही डाव्या, उघड्या बाजूला बसा. दोरी हातात असू द्या, रिक्षाच्या दांडीला नको.

कारमध्ये पुढची सीट नको. मागे हार्नेसला बेल्ट लावा. डोकं खिडकीबाहेर काढू देणं प्रेमाने होतं, पण ट्रकने उडवलेली बारीक खडी डोळ्यात गेली की डोळ्याला जखम होते. आणि पार्क केलेल्या गाडीत 'पाच मिनिटं' ठेवू नका. बाहेर तीस अंश असतील तर दहा मिनिटांत आत साधारण दहा अंश चढतात. काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

ऊन

कुत्र्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर मी बंड्याला बाहेर काढत नाही. डांबरावर हाताचा उलटा तळवा सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता सोसणार नाही. लाळ घट्ट व्हायला लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, पाय लडखडले की सावलीत घ्या, पोटावर, काखेत, पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे निघा. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

चढायलाच तयार नसेल तर

बहुतेकांना ही अडचण येते, कारण आपण पहिल्याच दिवशी ट्रेलर जोडून निघतो. जांभया, ओठ चाटणं, लाळ गळणं ही भीतीची किंवा मळमळीची खूण आहे, आळसाची नाही. प्रवासाआधी तीन-चार तास पोट भरून खायला देऊ नका. तरीही उलट्या होत असतील तर डॉक्टरांना औषध विचारा, माणसांच्या गोळ्या देऊ नका. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना संध्याकाळी नदीपात्राचा रस्ता टाळा, ढोलपथकांच्या सरावाचा पहिला ठोका पडला की भलाभला कुत्रा उसळतो.

बंड्या तर पडल्यानंतर चाक दिसलं तरी मागे सरायचा. ट्रेलर मी हॉलमध्ये आणून ठेवला, चाकं काढून. तीन दिवस जेवणाची थाळी त्याच्या शेजारी, नंतर कडेवर, नंतर आत. सहाव्या दिवशी तो जेवून तिथेच झोपला. मग चाकं लावली आणि सोसायटीच्या आवारात हाताने ढकलत दोन मिनिटं फिरवलं. सायकल जोडली ती पंधराव्या दिवशी, आणि पहिली फेरी होती गेटपर्यंत.