हार्नेसची तपासणी करताना या चुका टाळा

उंचीवरच्या कामाच्या परवान्यावर सही करण्यापूर्वी हार्नेस, म्हणजे पडणाऱ्या माणसाला धरून ठेवणारा अंगावर घालायचा पट्ट्यांचा संच, तपासणे हे गेली अनेक वर्षे माझे रोजचे काम आहे, आणि कारखान्याच्या छपरापासून इमारतीच्या परांचीपर्यंत सगळीकडे मला तीच चूक दिसत आली आहे. सुपरवायझर स्टोअरच्या दारात उभा राहतो, खुंट्यांना टांगलेल्या वीस हार्नेसवरून नजर फिरवतो आणि तक्त्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा करून मोकळा होतो. टांगलेल्या हार्नेसची तपासणी होऊच शकत नाही, कारण पट्ट्याला गेलेला बारीक छेद पट्टा सरळ लोंबत असताना मिटलेला राहतो आणि तो वाकवल्यावरच त्याचे तोंड उघडते.

मी हार्नेस खाली काढून उजेडात नेतो आणि हातमोजे काढून ठेवतो. दोन हातांत वीतभर अंतर ठेवून पट्टा धरायचा, तो उलट्या ‘यू’सारखा वाकवायचा, वरच्या बाजूला ताणले गेलेले धागे पाहायचे आणि मग वीतभर पुढे सरकायचे; एक बाजू संपली की पट्टा उलटा करून पुन्हा तेच करायचे. मांडीचे पट्टे आणि बकलच्या आत दडलेला भाग यांच्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण घर्षण तिथेच होते. वेल्डिंगची ठिणगी पडलेली जागा डोळ्याला मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्यासारखी दिसते आणि मळ समजून सोडून दिली जाते, पण नख फिरवले की ती कडक लागते. पॉलिएस्टर सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते आणि ठिणगी त्याहून कितीतरी तप्त असते; तो कडकपणा वितळून गोठलेल्या धाग्यांचा असतो. असा पट्टा मी बाद करतो. एका हार्नेसला मला पाच ते सात मिनिटे लागतात, म्हणजे वीस हार्नेसना दोन तास. तेवढा वेळ नाही असे सांगणाऱ्या नवख्या अधिकाऱ्यांना मी परवान्याची वेळच पुढे ढकलायला सांगतो.

दुसरी चूक मला अधिक अस्वस्थ करते. लॅनयार्डवरचा, म्हणजे हार्नेसला वरच्या आधाराशी जोडणाऱ्या दोरीवरचा किंवा पट्ट्यावरचा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे नुसती फुगीर पिशवी आहे, असे समजून लोक त्याकडे पाहतच नाहीत. त्याच्या आत घडी घालून शिवलेला पट्टा असतो. माणूस पडला की ती शिवण टाक्याटाक्याने उसवत जाते आणि अंगावर येणारा झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाच्या जोराच्या, आत राहतो. शिवण एकदा उसवली की ते काम संपले. ती पुन्हा शिवून किंवा गुंडाळून वापरता येत नाही.

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत पावसाळ्यापूर्वी छपराचे पत्रे बदलण्याचे काम सुरू होते. शिडीपाशी उभ्या असलेल्या एका मुलाच्या लॅनयार्डवर काळ्या इन्सुलेशन टेपचे वेढे अगदी सफाईने मारलेले मला दिसले. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, “साहेब, कव्हर फाटलं होतं म्हणून टेप मारली, माल नवाच आहे.” मी टेप कापली. आतला पट्टा हातभर सुटलेला होता, तुटलेल्या टाक्यांची टोके कापसासारखी पिंजारली होती आणि कुणीतरी तो पट्टा पुन्हा घड्या घालून आत कोंबला होता. त्या लॅनयार्डने आधी कुठेतरी एका माणसाला पडताना धरले होते. मुलगा हळू आवाजात म्हणाला, “सर, मला सकाळी असाच मिळाला.” त्या दिवशी मी काम बंद ठेवले आणि त्या ठेकेदाराची सगळी लॅनयार्डे जमिनीवर मांडून एकेक पाहिली. तेव्हापासून अ‍ॅब्सॉर्बरवर टेप दिसली की कारण न विचारता मी ते लॅनयार्ड वेगळे ठेवतो.

लेबल नसलेला किंवा वाचता न येणारा हार्नेस वापरू नये, कारण उत्पादनाची तारीख, अनुक्रमांक आणि आयएस ३५२१ सारख्या भारतीय मानकाचा उल्लेख तिथेच असतो. पट्ट्यावर मार्करने नाव लिहू नये आणि रंगाचे डाग थिनरने पुसू नयेत. लॅनयार्ड लांब वाटते म्हणून त्याला गाठ मारू नये; गाठीपाशी त्याची ताकद बरीच घटते. हूकची दांडी बोट काढताच आपोआप बंद होऊन लॉक व्हायला हवी, आणि ती अडकत असेल तर तेल सोडून काम भागवू नये. नायलॉनला आम्ल बाधते, पॉलिएस्टरला तीव्र अल्कली. म्हणून बॅटरीच्या खोलीत किंवा कॉस्टिकच्या टाकीवर काम झाले असेल, तर मी त्या हार्नेसची तपासणी त्याच दिवशी पुन्हा करतो.

वर्षातून एकदा जाणकार व्यक्तीने तपासणी केली, की रोज पाहायची गरज उरत नाही, हाही एक मोठा गैरसमज आहे. वार्षिक तपासणी नोंदीसाठी आवश्यकच आहे, पण काल दुपारी पत्र्याच्या धारेवर घासलेला पट्टा आज सकाळी तो घालणाऱ्यालाच सापडू शकतो. म्हणून मी कामगारांना स्वतःचा हार्नेस माझ्यासमोर वाकवून पाहायला लावतो.

बाद केलेल्या हार्नेसवर लाल फुली मारून तो स्टोअरच्या कोपऱ्यात टाकला, तर हार्नेस कमी पडतील त्या दिवशी तोच पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढतो. मी दोन्ही खांद्यांचे आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे आडवे कापतो, लॅनयार्डचे दोन तुकडे करतो, आणि अनुक्रमांक नोंदवहीत खोडून त्याच्यापुढे तारीख व सही करतो.