सोलर बसवायचंय? आधी लाइट बिल काढा

मी बार्शीत वायरिंगची कामं घेतो. हल्ली त्यातली निम्मीअधिक सोलरचीच असतात. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "किलोवॉटला काय भाव लावता?" मी उलट विचारतो, महिन्याला किती युनिट जळतात? बिलाचे रुपये सगळ्यांना पाठ असतात, युनिट कुणालाच नाहीत. आणि सोलर स्वस्त पडणार की महाग, ते युनिटांवर ठरतं.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. वर्षभराची बेरीज करा, म्हणजे मे महिन्याचा कूलरही त्यात येतो. समजा बेरीज ३,६०० युनिट आली. आपल्याकडे एक किलोवॉट सरासरी दिवसाला ४ युनिट देतो, वर्षाला साधारण १,४००. भागाकार केला तर अडीच किलोवॉटच्या थोडं वर जातं. तीन किलोवॉट घ्या, विषय संपला. शेजाऱ्यानं पाच बसवलं म्हणून आपण सहा, असं करू नका. दिवसा जास्तीची तयार झालेली वीज नेट मीटरमधून (आलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) बाहेर जाते आणि पुढच्या बिलांत वळती होते, हे खरं. पण ३१ मार्चला खातं बंद होतं. तेव्हा उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो, तो तुम्ही वीज घेताना भरता त्याच्या जवळपासही नसतो.

आता पैसे. आमच्या भागात चांगल्या मालाचं ३ किलोवॉटचं कोटेशन पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या मधे बसतं. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये सबसिडी आहे, एकूण ७८,०००. त्यापुढे कितीही किलोवॉट बसवा, आकडा वाढत नाही. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. म्हणजे दोन लाखांचं काम केलं तर खिशातून एक लाख बावीस हजार. पण सबसिडी काम झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते, तोवर पूर्ण रक्कम तुम्हीच उभी करायची. ३ किलोवॉटपर्यंत २ लाखांचं विनातारण कर्ज बँका देतात, ते विचारून बघा.

महिन्याला तीनशे युनिट जाणाऱ्या घराला बिल तीन हजारांच्या आसपास येतं. तिथं ही रक्कम साडेतीन-चार वर्षांत फिटते. नव्वद युनिटवाल्याचं गणित वेगळं. त्याचं बिलच सहाशे-सातशे, त्यामुळं एक किलोवॉटचे पैसे वसूल व्हायला सहज सात वर्षं लागतात. कारण घरगुती दर टप्प्यांचा आहे: शंभरपर्यंत स्वस्त, शंभर ते तीनशे बराच महाग, त्यापुढं आणखी. सोलर आधी वरची महाग युनिटं कापतं. म्हणून हात आखडता असेल तर चारशे युनिटवाल्यानं दोनच किलोवॉट बसवलं तरी चालतं. नुकसान नाही, उलट रुपयामागं फायदा जास्त. शंभरच्या आतल्यांनी मात्र राज्याच्या स्मार्ट योजनेचं जादा अनुदान मिळतं का, ते महावितरणच्या ऑफिसात विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. आणि बिल शून्य होईल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, स्थिर आकार भरावाच लागतो.

गच्चीवर जाताना टेप घेऊन जा. तीन किलोवॉटला ५४० वॉटचे सहा पॅनल. एक पॅनल साडेसात फूट बाय पावणेचार फूट, वजन अठ्ठावीस किलोच्या घरात. म्हणजे सरळ दोन-अडीचशे चौरस फूट उघडी जागा लागते, तोंड दक्षिणेला, उतार पंधरा-वीस अंश. जागेपेक्षा सावली जास्त छळते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ. उन्हाळ्यात पाहणी केली तर सगळं स्वच्छ दिसतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कलतो, तेव्हा आठ फुटांच्या टाकीची सावली भर दुपारीसुद्धा सात फूट उत्तरेकडं पडते आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळं एकावर सावली आली तरी फटका सगळ्या माळेला.

कोटेशन हातात आलं की बेरीज शेवटी बघा. पॅनल 'डीसीआर' आहेत का, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले का, हे आधी. नसतील तर सबसिडी नाही. माल आल्यावर मागच्या लेबलवरचे सिरियल नंबर स्वतः उतरवून घ्या. मग स्ट्रक्चर. आमच्याकडं बायकांना कुरडया-सांडग्यांच्या वाळवणाला गच्ची मोकळी हवी असते, म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडा करतात. त्यानं खर्च वीस-पंचवीस हजारांनी वाढतो. पण उंच केला की वळवाचा वारा खालून उचलतो, तेव्हा आडव्या-तिरक्या पट्ट्या हव्यातच. पाइप गरम जस्तात बुडवलेला असावा. फसवणूक ओळखायची असेल तर कापलेलं टोक आणि ड्रिलची भोकं बघा. जागेवर कापून नुसता चंदेरी स्प्रे मारलेला असेल, तर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. एका घरी दुसऱ्या कुणाचं काम दुरुस्त करायला गेलो, तर बोट फिरवलं आणि पापुद्रा हातात आला. पॅनल पंचवीस वर्षं टिकायचे, आणि सांगाड्याची ही गत.

अर्थिंग तीन वेगळी: एसीचं म्हणजे घराकडच्या बाजूचं, डीसीचं म्हणजे पॅनलकडच्या बाजूचं आणि आकाशातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचं. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडणारा ठेकेदार नको. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलच्या डीसीचं घरच्या एसीत रूपांतर करणारा डबा, पत्र्याच्या शेडमध्ये नाही, सावलीत आणि हवेशीर भिंतीवर. त्याची वॉरंटी किती वर्षांची आणि बिघडला तर उतरवून कोण नेणार, हे लेखी घ्या.

आता सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात ते. एक निवृत्त गुरुजी तावातावानं दुकानात आले. "लाइट गेली की तुमचं सोलरही बंद! मग घेतलं कशाला?" साधी ऑन-ग्रीड यंत्रणा, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेली, लाइन गेली की स्वतःहून थांबते आणि थांबलीच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीतला करंट बसेल. भारनियमनात घर चालवायचं असेल तर बॅटरीही जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते, आणि खर्च लाखभरानं तरी वाढतो. दिवसातून अर्धा-एक तासच लाइट जात असेल तर घरातला जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर ठेवा आणि सोलर ऑन-ग्रीडच घ्या.

अर्ज पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून तुम्ही स्वतः करा, ठेकेदाराच्या मोबाइल नंबरवर नको. त्याचं नाव पोर्टलच्या यादीत आहे का, तेही बघा. दहा किलोवॉटपर्यंत वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही. वेळ जातो तो नेट मीटर बसायला. म्हणून पैशातला शेवटचा हप्ता मीटर बसून सुरू होईपर्यंत हातात ठेवा, मग फोन आपोआप उचलले जातात.

देखभाल फारशी नाही. पंधरा दिवसांनी भल्या पहाटे पॅनल गार असताना धुवा. तापल्या काचेवर पाणी मारू नका. आमच्या बोअरचं पाणी जड, ते काचेवर वाळलं की पांढरे डाग बसतात, म्हणून धुतल्यावर वायपरनं ओढून घ्या. जुलै-ऑगस्टात आभाळ भरलं की मोबाइलमधल्या सोलरच्या अॅपवरचा तयार विजेचा आकडा निम्म्यावर येतो, तो बिघाड नाही. आकाश निरभ्र आणि आकडा कमी, असं सलग आठवडाभर दिसलं तर मात्र ठेकेदाराला बोलवा.