रायटिंग सेंटरला जाताना काय न्यायचं, काय विचारायचं

रायटिंग सेंटर म्हणजे कॉलेजातली अशी जागा, जिथे ट्यूटर तुमच्यासोबत बसून तुमचं लेखन सुधारायला मदत करतो. त्याच्यासमोर बसायला मिळतात साधारण तीस ते पंचेचाळीस मिनिटं. मोठ्याने वाचताना मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द होतात, म्हणजे दीड हजार शब्दांचा निबंध नुसता वाचायलाच दहा-बारा मिनिटं जातात. प्रकल्प वीस पानी असेल तर जिथे गाडी अडली आहे तेवढी दोन-तीन पानंच न्या.

वेळ सबमिशनच्या चार-पाच दिवस आधीची घ्या. आदल्या संध्याकाळी गेलात आणि मांडणीच चुकलेली निघाली, तर ती बदलायला हाताशी एक रात्र उरते. मग ट्यूटरही नाइलाजाने वरवरच्या दुरुस्त्यांवर येतो.

सोबत मसुद्याची प्रिंट ठेवा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून, म्हणजे पेन्सिलीने लिहिता येतं. सरांनी किंवा मॅडमनी आधीच्या लेखनावर दिलेले शेरे असतील तर तेही न्या. आणि असाइनमेंटचा मूळ प्रश्न न्याच. सगळ्यात जास्त विसरला जातो तो हाच कागद. ‘चर्चा करा’ होतं की ‘तुलना करा’, हे आठवत बसण्यात पाच मिनिटं सहज जातात, आणि चुकीचं आठवलं तर पुढची सगळी चर्चा वाया.

“ताई, जरा तपासून द्या ना,” एवढ्याने काम होत नाही. ट्यूटर बहुतेक वेळा वरच्या वर्गातली ताई किंवा दादा असतो. तो तुमच्याऐवजी लिहून देणार नाही, आणि देऊही नये. नेमकं विचारा: “दुसऱ्या परिच्छेदात मला काय म्हणायचंय ते कळतं का?”

समजा विषय पानशेतचा पूर आहे आणि तुम्ही लिहिलंय: ‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. पुण्यात पूर आला. नदीकाठच्या पेठांचे मोठे नुकसान झाले.’ तिन्ही वाक्यं खरी, पण परिच्छेद कशासाठी आहे ते कळत नाही. ट्यूटर विचारेल, “बरं, मग?” तुम्ही बोलता बोलता सांगाल, की पुरानंतर गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर पेठांबाहेर पसरायला हातभार लागला. हाच तुमचा मुद्दा! तो तिथल्या तिथे, तुमच्याच शब्दांत कागदावर उतरवा. तोंडी आलेलं वाक्य खोलीवर पोचेपर्यंत विसरतं.

शुद्धलेखन शेवटी बघायचं. आधी मुद्दा, मग परिच्छेदांचा क्रम, मग वाक्यं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात अर्धा तास घालवलेला परिच्छेद नंतर काढूनच टाकावा लागला, तर सगळी मेहनत फुकट.

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत लिहीत असाल तर सगळ्या चुका एकदम विचारू नका. मराठीत ‘द’, ‘अ’ असली आर्टिकल्सच नाहीत, त्यामुळे ती सुटणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका बैठकीत एकच प्रकार घ्या. ट्यूटरने एका परिच्छेदात खुणा केल्या की पुढच्या परिच्छेदात त्याच चुका त्याच्यासमोर स्वतः शोधा. सापडल्या तर शिकलात, नाही सापडल्या तर विचारायला तो समोरच आहे.

प्रबंध लिहिणाऱ्यांनी उचललेल्या मजकुराबद्दलही विचारावं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. मूळ उतारा समोर ठेवून शब्द बदलत बसलं की वाक्याचा सांगाडा तोच राहतो. पुस्तक मिटा, समजलेलं लिहा, मग उघडून ताडून बघा आणि संदर्भ द्या.

बैठक संपली की लगेच उठून निघू नका. तिथेच बाकावर दहा मिनिटं बसा, काय बदलायचं त्या तीन गोष्टी लिहा, आणि पहिली त्याच दिवशी उरका. पुन्हा जायचं असेल तर शक्यतो त्याच ट्यूटरची वेळ मागा आणि जुनी प्रिंट सोबत न्या.