पगार खात्यात, खर्च पाकिटात

रोख पाकिटांची पद्धत म्हणजे महिन्याच्या रोजच्या खर्चाची रोकड वेगवेगळ्या पाकिटांत वाटून ठेवायची आणि ज्या-त्या पाकिटातूनच खर्च करायचा. पण सुरुवात पाकिटांनी करू नका, स्टेटमेंटने करा. घरखर्च ज्यांच्या ज्यांच्या खात्यातून होतो त्या सगळ्यांचं मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट काढा आणि तीन रंगांच्या पेनांनी प्रत्येक ओळीवर खूण करत जा. एक रंग ठरलेल्या खर्चाला (भाडं, फी, बिलं), दुसरा हप्त्यांना, तिसरा उरलेल्या सगळ्याला. यूपीआयच्या ओळीत पैसे कुणाला गेले ते दिसतं, कशाचे गेले ते दिसत नाही. आठवत नसेल तर डोकं खाजवत बसू नका, तिसरा रंग मारा आणि पुढे चला. स्टेशनबाहेरचा वडापाव, पाऊस आला म्हणून केलेली रिक्षा, रात्री साडेदहाला मागवलेलं आइस्क्रीम हे सगळं या तिसऱ्या रंगात येतं. रोख पाकिटांची पद्धत त्याच्याचसाठी आहे.

म्हणजे सगळा पगार रोख काढायचा नाही. भाडं, वीजबिल, शाळेची फी, कार्डाचा हप्ता खात्यातूनच जाऊ द्या. तिथे रोकडीचा काही उपयोग नाही आणि उशीर झाला तर दंड बसतो.

कळव्यात भाड्याने राहणारं चौघांचं घर धरू. दोघांचे मिळून 62,000 हातात येतात. खात्यातून जाणारे: भाडं 17,000, वीज 1,700, पाइप गॅस 500 (बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून निम्मी रक्कम दर महिन्याला बाजूला), शाळा 3,800, मोबाइल-इंटरनेट 1,000. झाले 24,000. कार्डाच्या थकबाकीला 9,000. वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांसाठी 4,000. राहिले 25,000, आणि एवढेच रोख. त्यांची वाटणी अशी: किराणा 7,500, भाजी-फळं 4,000, दूध 1,800, मासे-मटण-अंडी 2,500, रिक्षा-बस 2,500, कामवाल्या मावशी 2,500, बाहेरचं खाणं 2,000, औषधं 1,000, किरकोळ 1,200. नऊ पाकिटं झाली. याहून जास्त करू नका. 'साबण', 'बिस्किटं' अशी वेगळी पाकिटं करणाऱ्यांचा हिशेब दुसऱ्या आठवड्यातच बंद पडतो.

वार्षिक खर्चाचे 4,000 सोडून देण्याचा मोह होतो आणि घर पुन्हा कर्जात जातं ते बहुतेक इथूनच. जूनमध्ये वह्या-पुस्तकं-गणवेश 9,000, गणपती 8,000, दिवाळी 12,000, विम्याचा हप्ता 15,000, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग 4,000. बेरीज 48,000, भागिले बारा. घर स्वतःचं असेल तर महापालिकेचा सहामाही मालमत्ता करही यात धरा. रेल्वेचा तिमाही पास काढत असाल तर त्याचा तिसरा हिस्सा दर महिन्याला इथेच टाका, रिक्षाच्या पाकिटातून पास काढू नका. हे पैसे मात्र घरात ठेवायचे नाहीत. वेगळं बचत खातं उघडा, ते यूपीआयला जोडू नका आणि त्याचं डेबिट कार्ड कपाटात ठेवा. गणपती दरवर्षी येतात, त्यांना अचानक आलेला खर्च म्हणता येणार नाही.

पैसे काढणं आणि सुट्या पैशांची भानगड

एटीएममधून 25,000 काढले की हातात बहुतेक पाचशेच्याच नोटा पडतात आणि पद्धत पहिल्याच दिवशी अडते. रिक्षाच्या पाकिटात पाचशेच्या पाच नोटा ठेवून काय करणार? सोपा उपाय असा की दूध, मावशी आणि किराणा यांच्यापुरते पाचशेच्या नोटांत घ्या आणि बाकीचे बँकेच्या काउंटरवरून स्लिप भरून शंभर, पन्नास, वीसमध्ये मागा. महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काउंटरला गर्दी असते, चार-पाच तारखेनंतर जा. किराणावाल्याकडेही मोठी नोट मोडता येते. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, त्यामुळे दोन हप्त्यांत काढलं तरी भुर्दंड नाही. क्रेडिट कार्डने मात्र एटीएममधून एक रुपयाही काढू नका. त्यावर शुल्क लागतं आणि व्याज काढल्या दिवसापासून सुरू होतं.

भाजी, मासे, बाहेरचं खाणं आणि रिक्षा यांचे पैसे आठवड्याने वाटा. इथे नेहमीची चूक म्हणजे चाराने भागणं. महिना अठ्ठावीस दिवसांचा नसतो, शेवटचे दोन-तीन दिवस उघडे पडतात आणि तिथेच कार्ड बाहेर निघतं. भाजीचे 4,000 असतील तर 1 ते 7, 8 ते 14, 15 ते 21, 22 ते 28 या चार आठवड्यांना 900 आणि 29 पासूनच्या दिवसांना 400. किराणा वेगळा चालतो. महिन्याच्या सुरुवातीला 5,000 ची मोठी यादी, आणि 2,500 मधल्या भरतीसाठी.

पाकीट म्हणून आहेराची जुनी पाकिटंही चालतात. हिशेब त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचा, तारीख, गेले, उरले:

भाजी-फळं, 8 ते 14, रु. 900
8: 340, उरले 560
10: 120, उरले 440
12: 265, उरले 175
14: 160, उरले 15

बाराव्या तारखेला 175 हा आकडा दिसला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सफरचंदं न घेता केळी घेतली जातात. फोनवरच्या खर्चाच्या अ‍ॅपमध्ये हाच आकडा असतो, पण तो भाजीवाल्यासमोर कुणी उघडून बघत नाही. वाशीच्या एपीएमसीतून घाऊक भाजी आणायची तर आधी शेजारची दोन-तीन घरं वाटणीला घ्या. एकट्या घराने स्वस्त म्हणून टोमॅटोचा अख्खा क्रेट आणला की निम्मा कचऱ्यात जातो आणि आठवड्याचं पाकीटही रिकामं होतं.

बाहेर पडताना त्या दिवसाचंच पाकीट, किंवा त्यातले लागतील तेवढेच पैसे न्या. गर्दीच्या लोकलमध्ये नऊ पाकिटं घेऊन फिरायचं नाही.

क्यूआरचं काय करायचं

आज ऐरोलीच्या गल्लीतला नारळपाणीवालाही क्यूआर पुढे करतो आणि सुटे मागितले की तोंड वाकडं करतो. यूपीआय पूर्ण बंद करणं बहुतेकांना झेपणार नाही. मग यूपीआय लाइटचं (अ‍ॅपमध्येच छोट्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय) एक पाकीट करा. त्यात एका वेळी जास्तीत जास्त 5,000 ठेवता येतात आणि एका व्यवहाराला 1,000 ची मर्यादा असते. रिक्षाच्या पाकिटातल्या 2,500 पैकी 500 रोख न काढता दर सोमवारी थोडे थोडे लाइटमध्ये भरा. आपोआप भरण्याची सोय बंद ठेवायची, नाहीतर पाकिटाला तळच राहत नाही. खरेदीच्या आणि जेवण मागवण्याच्या अ‍ॅपमध्ये साठवलेलं कार्डही काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाकावे लागले की अर्धी खरेदी तिथेच थांबते.

कर्ज

कार्डावर 80,000 थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं धरा. पहिल्या महिन्याचं व्याज 2,800, त्यावर 18 टक्के जीएसटी 504, म्हणजे 3,304. 'किमान देय' म्हणून 4,000 भरले तर मूळ रकमेतून सातशेसुद्धा कमी होत नाहीत. वर लिहिलेले 9,000 भरत राहिलात तर सुमारे बारा महिन्यांत कार्ड कोरं होतं, 12,000 भरले तर आठ महिन्यांत. अट एकच, नवीन स्वाइप नाही. बिल पूर्ण भरलेलं नसताना बिनव्याजी मुदत मिळत नाही, नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज लागतं. 'पेट्रोल तेवढं कार्डावर, पॉइंट मिळतात' हा हिशेब थकबाकी असताना तोट्याचाच.

दोन-तीन कर्जं असतील तर ज्याचं व्याज जास्त त्यावर जास्तीचे पैसे, बाकीच्यांचे ठरलेले हप्ते. लहान कर्ज आधी फेडून हुरूप येतो असं म्हणतात, ते खरंही आहे. पण कार्ड आणि सोनेतारण यांत निवड असेल तर आधी कार्डच. जास्तीची रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी भरा, महिनाअखेरीला उरलेलं भरू म्हणाल तर काही उरत नाही.

कुठे फसतं

एका पाकिटातून दुसऱ्यात उसने घेतले तर चिठ्ठी टाका: '16 तारीख, मासे पाकिटातून 300, औषधाला'. चिठ्ठ्या महिनाअखेर मोजा. एकच पाकीट तीन महिने सलग आधी संपत असेल तर उधळपट्टीपेक्षा रक्कमच चुकली असण्याची शक्यता जास्त. ती वाढवा, पण दुसऱ्या एखाद्या पाकिटातून तेवढीच कमी करून. 25,000 चे 26,000 करायचे नाहीत.

दुसरा घोळ घरातलाच. एक जण पाकिटातून काटेकोर खर्च करतो आणि दुसरा फोनवरून 'आज मीच देतो' म्हणतो. म्हणून दोघांनाही दरमहा पाचशे-पाचशे विनाहिशेबाचे द्या, किरकोळच्या 1,200 मधूनच. त्यांचं काय केलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. उरलेल्या दोनशेत मुलांची स्टेशनरी, कुरिअर, चप्पल शिवणं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाकिटं टेबलावर रिकामी करा. वीस-तीस रुपये उरले तर त्याच पाकिटात राहू द्या, पुढच्या महिन्याला सुटे म्हणून कामाला येतात. शंभराच्या वरचे एकत्र करून दुसऱ्या दिवशी खात्यात भरा आणि लगेच कार्डाला वळते करा, नवीन 25,000 काढण्याच्या आधी.